देवाचा हात आणि टॉर्क पाना

दुकानात कुणी शिरलं की मी तोंड बघत नाही, आधी हात बघते. नखांत काळं तेल बसलेलं असेल तर तो मेकॅनिक. त्याला काय हवं ते त्याला माहीत असतं, मी फक्त काढून द्यायचं. नखं स्वच्छ आणि मोबाईलवर व्हिडिओ थांबवून धरलेला असेल तर तो घरच्या घरी इंजिन खोलणारा हौशी गडी. आणि नखांत निम्मं तेल, निम्मा शेताचा चिखल असेल तर समजावं, हा आतल्या वाडीतला जीपवाला. त्याच्याकडे कुणी मेकॅनिक जात नाही, म्हणून तो स्वतःच मेकॅनिक झालेला असतो. असली माणसं मला फार आवडतात, आणि माझं डोकंही सगळ्यात जास्त तीच खातात.

गोव्याच्या वाटेवर, कर्नाटकातल्या रामनगरात आमचं हत्यारांचं आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. माझं माहेर खानापूरकडचं, किराणा व्यापाऱ्याचं. गूळ-मिरची तोलत वाढलेली पोर लग्न होऊन आली ती थेट नट-बोल्टांत पडली. शेजारीच आमच्या ह्यांचं गॅरेज. तिथनं आरोळी यायची, 'सतराचा रिंग पाना दे!' आणि मी एकोणीसचा पाठवायचे. हे सगळ्यांसमोर हसायचे. त्या हसण्याच्या रागापायी मी शिकले, दुसरं काही कारण नाही. आता गुडघ्यांनी दगा दिल्यावर ह्यांनी गॅरेज बंद केलंय आणि माझ्याच दुकानात खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाईक मात्र येतं आणि ह्यांना नमस्कार करून प्रश्न मला विचारतं. ते ह्यांना अजून पचलेलं नाही.

ह्या अंकाच्या संपादक बाई फोनवर म्हणाल्या, तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठला, त्यावर लिहा. तो प्रश्न हा: 'अक्का, घरी इंजिनाचं काम करायचंय, टॉर्क पाना कुठला घेऊ?' ह्या प्रश्नाला माझं एक ठरलेलं, पाठ झालेलं उत्तर होतं. दिग्गीकडच्या सोमानं ते मला बदलायला लावलं. त्याचीच ही हकिकत आहे.

आधी पाना म्हणजे काय ते सांगते, नाहीतर ज्यांनी कधी स्टेपनीसुद्धा बदलली नाही ते वाचक इथंच पान उलटतील. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचं झाकण म्हणजे हेड, आणि दोघांच्या मधे एक पातळ गास्केट. आत जाळ चालतो, पाणी फिरतं, तेल फिरतं. ह्या तिघांनी एकमेकांच्या घरात घुसायचं नाही, एवढं बघणं हे त्या गास्केटचं काम. आता हे हेड बोल्टांनी आवळायचं. कमी आवळलं तर गास्केट फुंकतं आणि पाणी तेलात जातं. जास्त आवळलं तर बोल्ट ताणतो, मान टाकतो, नाहीतर ब्लॉकातले आटे उपटून घेऊन वर येतो. मग किती आवळायचं? गाडीच्या पुस्तकात त्याचा आकडा असतो. तो आकडा आपल्या हाताला कळवतो तो टॉर्क पाना. झालं. एवढ्यासाठी लोक माझ्यापुढं तास तास उभे राहतात.

हा पाना तीन तऱ्हेचा मिळतो. एक टक्कवाला. मुठीशी फिरवून आकडा लावायचा, ओढायला लागायचं, आकडा आला की आत 'टक्क' वाजतं आणि हाताला बारीक झटका लागतो. दुसरा काटेवाला. नुसती एक पोलादी दांडी, तिच्या बाजूनं काटा आणि मुठीपाशी आकड्यांची पट्टी. ओढाल तशी दांडी वाकते आणि काटा पट्टीवर सरकतो. दिसायला अगदी गरीब. तिसरा सेलवर चालणारा, त्याला मोबाईलसारखा पडदा असतो आणि आकडा आला की तो चिमणीसारखा ओरडतो. गणेशगुडीच्या होमस्टेवाल्यांना हा तिसरा फार आवडतो, कारण पाहुण्यांना दाखवता येतो.

माझं ठरलेलं उत्तर होतं टक्कवाला. अर्धा इंची चौकाचा, म्हणजे सॉकेट बसवायचा चौकोनी खुंट अर्ध्या इंचाचा असलेला घ्या, हेडला आणि चाकाला चालतो. तुमचा आकडा पान्याच्या पट्टीच्या मधल्या भागात यायला पाहिजे, अगदी तळाला किंवा अगदी टोकाला नको, तिथं तो खोटं बोलतो. त्यानं नट सोडवायचा नाही, त्याला साधा पाना असतो. आणि फार मोठा घेऊ नका. पण ऐकतंय कोण! राफ्टिंगच्या जीपा चालवणारा एक गडी आला होता, म्हणाला, 'अक्का, सगळ्यात मोठा दे. मोठ्यात बारकं बसतंय, बारक्यात मोठं न्हाई.' मी म्हटलं, बाबा, हे जेवणाचं पातेलं नव्हे. गेला घेऊन. पुढच्या आठवड्यात त्यानं तेलाच्या टाकीचा बारका बोल्ट त्या सोट्यानं पिळून तोडला आणि मलाच विचारलं, 'वाजला का न्हाई त्यो?' वाजेल कसा? त्याचा पहिला आकडाच त्या बोल्टाच्या मरणापलीकडचा होता.

गणेशगुडीचे एक निवृत्त गुरांचे डॉक्टर मात्र माझे आवडते गिऱ्हाईक. जुनी मोटार बाळगून आहेत, दर पावसाळ्यानंतर तिचं काहीतरी खोलतात आणि परत बसवतातही, हे विशेष. टक्कवाला पाना काम झाल्यावर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणून ताणून थकते, हे मला त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते दम देऊन सांगते.

तर सोमा. दिग्गीच्याही आतल्या अंगाला त्याची वाडी. भाताची थोडी शेती, जंगलातली मजुरी आणि एक म्हातारी डिझेल जीप. बाजारकुणंग गावाला, तालुक्याच्या जोयड्याला माणसं न्यायची-आणायची, खताची पोती, पाहुणे, आजारी माणूस, सगळं त्याच जीपमधून. एके दिवशी हा तांदळाच्या पोत्यात हेड घालून बसमधून रामनगरला उतरला. कंडक्टरनं पोत्याकडे बोट करून कानडीत विचारलं म्हणे, 'एनिदु?', हे काय? सोमानं पोतं उघडून दाखवलं. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. मग सोमानंही ते पोतं मुलासारखं सगळा रस्ता मांडीवर घेतलं.

गास्केट गेलं होतं. हेड घासून सपाट करून घेतलं, नवं गास्केट घेतलं, आणि मला तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं. टक्कवाला पाना काढून व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात, एक बोल्ट धरून दाखवला. 'टक्क झालं की हात काढायचा. पुढं एक केस नाही. कळलं?'

'कळलं की वो अक्का,' म्हणाला. 'टक्क, की बास.'

माणूस गरीब, हुशार, हाताचा सरळ. मला काही काळजी वाटली नाही.

पुढच्या बाजाराला तो परत आला, तेव्हा बरोबर त्याची बायको सुभद्रा होती. सोमानं बरोबर आणलेला पाना ठेवला, खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि काउंटरवर सोडली. आत मान तुटलेला हेड बोल्ट.

माझं टाळकंच फिरलं. 'टक्क वाजलं की थांब म्हटलं होतं ना? कान हायत का भोकं?'

'थांबलो वो अक्का. देवाशपथ थांबलो.'

'मग हा काय आपणहून तुटला? त्याला जीव नकोसा झाला?'

सुभद्रा रंगाच्या डब्यावर बसली होती, ती बोलली. बाई बारकी, पण आवाज खणखणीत. 'अक्का, भांडू नका, ऐका. तुटलेला तुकडा ह्यांनी पाईप पान्यानं फिरवून काढला, खरं त्या भोकातलं आटं निम्मं गेल्यात. आता ह्या बारीला तिथं काय झालं तर अख्खं इंजिन उतरवून बाहेर न्यायला लागंल. त्या जीपला कोण एवढं करतंय? भंगारात जाईल ती. आणि जीप गेली की आम्ही गोव्याला. माझ्या भावानं ह्यांच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवल्या. बिल्डिंगच्या खाली पत्र्याची खोली देतात म्हणं.'

'मला न्हाई जायचं,' सोमा म्हणाला. खाली बघूनच म्हणाला. 'दुसऱ्याच्या गेटावर बसून दुसऱ्याच्या गाड्यांस्नी सलाम मारायचा? माझी गाडी असताना?'

'गाडी असताना न्हाई,' सुभद्रा म्हणाली. 'गाडी नसताना.'

माझा राग तिथल्या तिथं विरला. आमच्या तालुक्यातली किती तरी घरं अशीच कुलपात आहेत. आधी एकटा जातो, मग बायको जाते, मग अंगणात गवत येतं. मला त्या बोल्टाकडे बघवेना.

बरं, माणूस खोटं बोलणारा नव्हे. मग पानाच खोटा असेल. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाना राहू दे तुमच्यापाशी, मी रामनगरला येतोच आहे. सोमा-सुभद्रा थांबली होती तोवरच आले, आणि लागलीच बाह्या सारल्या. पान्याचं तोंड व्हाइसमध्ये धरलं, दांडा आडवा ठेवला, मुठीजवळ दोरीनं बादली टांगली आणि मापानं पाणी ओतत गेले. वजन माहीत, दांड्याची लांबी माहीत, मग ओढ किती ते गणितानं येतंच. जिथं वाजायला पाहिजे तिथं पाना वाजला. रिकामी करून परत भरली, परत तिथंच वाजला.

'पाना चोख आहे,' डॉक्टर म्हणाले. 'आता राहिला माणूस.'

आमचे हे खुर्चीतून सगळं बघत होते. 'त्याला ओढून दाखवायला सांगा की,' म्हणाले. इतका वेळ हे कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

व्हाइसमध्ये बोल्ट धरला. सोमानं पाना लावला, आकडा लावला, पाय रोवले. ओढ इतकी छान, सलग, धक्का नाही की घाई नाही. टक्क. सोमा थांबला. खरंच थांबला. हात काढला, हात जोडून कपाळाला लावला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, आणि परत मूठ धरून खाडदिशी एक ओढ दिली. व्हाइस टेबलासकट हलला.

'हे काय?' मी ओरडले.

सोमा दचकला. 'कुठं काय?'

'हे आत्ता काय मारलंस?'

'ह्यो?' त्यानं मी अगदीच येडी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. 'ह्यो माझा न्हाई वो अक्का. ह्यो देवाचा.'

आता हे बाहेरच्या वाचकांना सांगायला पाहिजे. आमच्याकडे काहीही आवळलं, बांधलं, की शेवटचा एक हात देवाच्या नावानं मारतात. गवताचा भारा बांधला, छपराचा वासा बांधला, बैलाचं जू बांधलं, की आपलं काम संपलं. मग डोळे मिटून एक ओढ, ती देवाची. ती मोजायची नाही, तिचा हिशोब विचारायचा नाही. सोमानं टक्क वाजल्यावर थांबलो म्हणून शपथ घेतली ती शंभर टक्के खरी होती. तो थांबतच होता. पुढचा हात त्याचा नव्हताच, तर तो तरी काय सांगणार!

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे हसू लपवायला. मला काही हसू येईना.

'सोमा,' मी म्हटलं, 'देवाचा हात बंद.'

'असं कसं?' सुभद्राच मधे पडली. 'देवाचा हात न्हाई मारला आणि घाटात काय झालं तर? माणसं बसत्यात त्या गाडीत.'

'अगं बाई, देवाच्या हातानंच बोल्ट तुटला!' मी म्हटलं. सुभद्रा ऐकेना.

'मग देवाचा हात पहिल्यांदा मारू दे त्याला,' मीच तोडगा काढला. 'आधी देव, मग टक्क.'

सोमानं मान हलवली. 'पहिला हात माणसाचा. देव मागनं.' हा माणूस गोव्याला जायला तयार नव्हता, त्याला बोल्ट तुटायला नको होता, आणि देवाला पुढं बसवायलाही तयार नव्हता. माझा आवाज चढत चालला होता.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. 'बरोबर आहे की त्याचं. मी पण मारायचो.'

मी वळून बघितलं. 'तुम्ही? टॉर्क पान्यानं?'

'टॉर्क पाना कुठला तेव्हा? हातानं. सगळी उमर मारला. एक बोल्ट तुटलेला आठवतोय तुला?'

नव्हता आठवत. तेच तर.

'हातानं आवळताना देवाचा वाटा राखून आवळायचा असतो,' हे म्हणाले. 'आपण थोडं अलीकडं थांबायचं. राहिलेलं देव ओढतो. तुझा तो पाना टक्क वाजतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. देवाला राहिलंच काय?'

मी ह्या माणसाबरोबर इतका संसार केला, आणि शेजारच्या शेडमधून रोज येणारी ती शेवटची हुंकारासारखी ओढ मी ऐकत आले होते. मला वाटायचं, कंबर दुखते म्हणून कण्हतात.

'मग आकडा कमी लावू,' डॉक्टर म्हणाले. 'टक्क अलीकडे वाजेल, वरचा देवाचा.'

'आणि देवानं किती ओढलं ते कोण सांगणार?' मी म्हटलं. 'टक्कवाला एकदा वाजला की मुका होतो. तो पुढचं काही सांगत नाही.' आणि बोलता बोलताच मला फळीवरचा डबा आठवला. स्टूल घेतलं, वर चढले, आणि तो गरीब दिसणारा काटेवाला पाना खाली काढला. कुणी घेईना म्हणून वर गेलेला, धुळीनं माखलेला. झटकला. तेल लावायचं काम नाही, स्प्रिंग नाही, काही बिघडायचंच नाही त्यात. काटा शून्यावर उभा आहे का बघायचं, बस्स.

पट्टीवर पुस्तकातल्या आकड्यापाशी मी लाल नखपॉलिशनं रेघ मारली. 'हे बघ. ह्या रेघेच्या थोडं अलीकडं तू थांबायचं. हात जोड, पुटपुट, काय ते कर. मग देवाचा हात, खरं हिसका मारायचा नाही, सावकाश. काटा रेघेवर आला की देव थांबला.'

सोमानं ओढून बघितलं. रेघेच्या अलीकडं थांबला, हात जोडले, डोळे मिटले, ओढायला लागला आणि काटा रेघ ओलांडून पार पलीकडं गेला.

'डोळे उघडे ठेव की!'

'देवाचा हात डोळं उघडं ठिवून कसा मारायचा?'

मी कपाळावर हात मारला. सुभद्रा डब्यावरून उठली, पदर खोचला आणि पान्याच्या पट्टीवर अगदी सरळ वरून वाकली. 'तू मिट डोळं,' ती नवऱ्याला म्हणाली. 'काटा मी बघते.' परत ओढलं. 'बस्स,' ती म्हणाली आणि काटा रेघेवर उभा होता.

नव्या बोल्टांचा सेट दिला, कारण देवाच्या हातानं बाकीचेही ताणलेच असणार. गास्केट दिलं. आणि ती दोघं गेल्यावर मला चैन पडेना. असं मला कधी होत नाही. सामान विकलं की विषय संपला, हा आमचा धंदा. पण त्या अर्ध्या आट्यांचं भोक डोळ्यापुढून हलेना. डॉक्टर म्हणाले, 'चला जाऊन येऊ, मलाही बघायचंय.' ह्यांना दुकान सांभाळायला सांगितलं. हे इतके खूष झाले की मला शंका आली.

डॉक्टरांची जुनी मोटार त्या रस्त्यानं गेली हाच एक चमत्कार. शेवटचा तुकडा आम्ही चाललो. सोमाचं घर स्वच्छ सारवलेलं, अंगणात निळ्या ताडपत्रीखाली जीप, तिचं इंजिन उघडं. आणि पडवीत पत्र्याची एक मोठी ट्रंक, काथ्याच्या दोरीनं आडवी-उभी करकचून बांधलेली.

सुभद्रानं स्टीलच्या तांब्यातून पाणी दिलं. 'अक्का, चहा केला असता, खरं कप ट्रंकेत गेले,' ती म्हणाली. 'भावानं निरोप धाडलाय, जागा फार दिवस धरून ठेवत न्हाईत.' ट्रंकेकडे तिनं बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

कामाला लागलो. आधी बोल्टांची भोकं कोरडी केली. चिंधी काडीला गुंडाळून आत फिरवली, सायकलच्या पंपानं वारा मारला. भोकात पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट त्यालाच दाबतो, काटा खोटं बोलतो आणि ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. हे घरी काम करणारे हटकून विसरतात, म्हणून इथं लिहून ठेवते. गास्केट बसवलं, हेड ठेवलं, बोल्ट हातानं फिरवून बसवले. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एक फेरी हलकी, एक त्याहून घट्ट. ह्या फेऱ्या सोमानं एकट्यानं केल्या. देव शेवटच्या फेरीला.

शेवटची फेरी सुरू झाली. सोमा ओढायचा, अलीकडं थांबायचा, हात जोडायचा. सुभद्रा वाकून काट्यावर डोळे लावून. मग देवाचा हात, सावकाश, आणि तिचं 'बस्स'. पुढचा बोल्ट. परत 'बस्स'. डॉक्टर गाडीचं पुस्तक छातीशी धरून उभे, जसं काही त्यातलं मंगलाष्टक म्हणायचंय. निम्मे आटे गेलेलं भोक नेमकं कोपऱ्यातलं, म्हणून सगळ्यांत शेवटी आलं.

सोमानं तळहात लेंग्याला पुसले. ओढलं, थांबला, हात जोडले. ह्या वेळी जरा जास्त वेळ जोडले. मग डोळे मिटून ओढायला लागला.

'काटा थांबला!' सुभद्रा म्हणाली.

सोमाचा हातही थांबला. ह्याचा अर्थ मला कळत होता. हात फिरतोय आणि काटा वर सरकत नाही, म्हणजे आत आटे हलताहेत. रेघेला अगदी थोडं अंतर बाकी होतं. टक्कवाला असता तर वाजेपर्यंत माणूस ओढतच राहिला असता आणि आट्यांसकट बोल्ट हातात आला असता.

'सोड,' मी म्हटलं. 'हात काढ, सोमा. कोपऱ्यातला आहे, एवढ्यावर धरला तर धरला.'

त्यानं डोळे उघडले. मूठ सोडली नव्हती. 'देवाचा अर्धाच झाला की वो अक्का.'

सुभद्रानं कमरेवर हात ठेवले. 'अर्धा न्हाई. देवानं तेवढाच ओढला. त्याला कळतंय कुठं थांबायचं ते, तुलाच कळत न्हाई. काढ हात!'

सोमानं हात काढला.

वरचं सगळं बसवलं, पाणी ओतलं. जीप आधी खोकली, मग धूर सोडला, मग लागली. आम्ही चौघं तिच्याभोवती उभे. गरम होऊ दिली. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. सोमा कोपऱ्यातल्या बोल्टाखाली सारखं बोट फिरवायचा आणि बोट बघायचा. कोरडं. परत फिरवायचा. कोरडंच. चढावर वरपर्यंत नेऊन आणली, तरी कोरडं. ते हेड आजतागायत धरून आहे, हे सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. सोमा रामनगरला आला की दुकानापुढं हॉर्न मारतो आणि आमचे हे खुर्चीतून राजासारखा हात वर करतात.

आता माझं उत्तर बदललंय. घरी इंजिनाचं काम करणारा आला की मी आधी व्हाइसमध्ये बोल्ट धरते आणि म्हणते, ओढून दाखव. किंमत, कंपनी, पडदा, सगळं नंतर. ज्याचा हात टक्क ऐकून थांबतो त्याला टक्कवाला. ज्याचा थांबत नाही त्याला काटेवाला, आणि बरोबर बघायला घरातलं कुणीतरी घे म्हणून सांगते. हल्ली पुष्कळ जण फोनवरच मागवतात आणि बिघडलं की माझ्याकडे घेऊन येतात. त्यांचा हात बघायला कुणी नव्हतं, त्याचं वाईट वाटतं. वाईट ह्याचंही वाटतं की ह्यांच्यासारखे, पान्याविना देवाचा वाटा राखून आवळणारे हात आता आमच्या रस्त्याला उरले नाहीत. मी त्या हातांच्या शेजारी गल्ल्यावर बसून होते आणि कधी विचारलं नाही, की अहो, तुम्ही नेमकं करता काय?

त्या दिवशी सोमानं जीप बंद केली तेव्हा अंगण एकदम गप्प झालं. सुभद्रा पडवीत गेली आणि ट्रंकेपुढं बसली. दोरीची गाठ सोडवायला लागली. नखं लावली, दात लावले, पाय ट्रंकेला लावून ओढली. गाठ सुटेना. तिनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

'हितं बी देवाचा हात मारलास?'

सोमा जीपच्या बॉनेटआड तोंड लपवत म्हणाला, 'मग? लांबचा पल्ला होता न्हवं.'

सुभद्रा उठली, वळचणीचा कोयता काढला आणि एका घावात दोरी तोडली. झाकण उघडलं, आतून कागदात गुंडाळलेले कप काढले, एकेक फुंकून धुतला आणि चूल पेटवली. आम्ही पडवीत बसून चहा प्यालो.